घाईचे, आयत्या वेळचे आणि बिनतयारीचे इंग्रजी शब्द: निवड कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठरलेल्या व्याख्यात्यांनी ऐनवेळी नकार दिल्यामुळे तुमच्या संस्थेचे एक प्रशिक्षण रद्द होण्याच्या बेतात होते. सहकाऱ्यांनी दोन दिवसांत नवे वक्ते मिळवले, वेळापत्रक बदलले आणि कार्यक्रम पार पाडला. हे कौतुकाने नोंदवावे म्हणून तुम्ही इंग्रजी अहवालात त्या व्यवस्थेला 'हॅपहॅझर्ड' म्हटले आणि वरिष्ठांनी त्या शब्दाखाली रेघ ओढून 'हा गुण आहे की दोष?' असे विचारले. त्यानंतर कोशात पाहिले तेव्हा इम्प्रॉम्प्टू, हेस्टी, अ‍ॅड हॉक, स्पॉन्टेनियस, रॅश, मेकशिफ्ट अशी रांगच समोर आली आणि त्यांतला कोणता शब्द बरोबर, हे ठरवता येईना.

तुमच्या वाक्यापुरते उत्तर आधी देतो. तिथे 'अ‍ॅट शॉर्ट नोटिस' हा शब्दप्रयोग हवा होता; मुदत सांगायची असेल तर 'अ‍ॅट टू डेज नोटिस'. वेळ फार कमी मिळाला, एवढेच तो सांगतो आणि तो का कमी मिळाला याचा ठपका कोणावरही ठेवत नाही. कौतुक करायचे असेल तर ते पुढच्या वाक्यात, केलेल्या कामाच्या तपशिलाने करावे. 'हॅपहॅझर्ड' मात्र तिथून काढलाच पाहिजे, कारण त्याचा वेगाशी काहीही संबंध नाही. 'हॅप' म्हणजे योगायोग आणि 'हॅझर्ड' हे मुळात फाशांच्या खेळाचे नाव. ज्या कामात कसलाही क्रम किंवा पद्धत नाही, जे दान पडेल तसे होत गेले, ते हॅपहॅझर्ड. एखादे काम वर्षभर रेंगाळत केले तरी ते हॅपहॅझर्ड असू शकते. तुमच्या सहकाऱ्यांनी दोन दिवसांत पद्धतशीर काम केले होते आणि तुमच्या शब्दाने नेमकी तीच गोष्ट नाकारली गेली.

आता मूळ अडचणीकडे वळतो. वर्षानुवर्षे इतरांचे इंग्रजी अहवाल, इतिवृत्ते आणि पत्रे तपासताना माझ्या लक्षात आले आहे की या गटातले शब्द चुकतात, ते बहुधा अर्थ माहीत नसल्यामुळे चुकत नाहीत. लिहिणाऱ्याने आपल्याला काय म्हणायचे आहे ते पुरते ठरवलेले नसते, म्हणून ते चुकतात. 'घाईत आणि नियोजनाशिवाय' असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. काम किती वेळात झाले, ही पहिली. आधी तयारी किंवा विचार झाला होता का, ही दुसरी. आणि जे झाले त्याला आपण नावे ठेवतो आहोत की नाही, ही तिसरी. इंग्रजीतला प्रत्येक शब्द यांपैकी एका किंवा दोन गोष्टींवर बोट ठेवतो आणि उरलेल्यांबद्दल गप्प राहतो. मराठीत ही जाण आपल्याला उपजत असते. उत्स्फूर्त भाषणाला कोणी घिसाडघाईचे भाषण म्हणत नाही आणि तडकाफडकी दिलेल्या राजीनाम्याला कोणी आयत्या वेळचा राजीनामा म्हणत नाही. ही निवड मराठीत न अडखळता होते. इंग्रजीत ती थोडे थांबून करावी लागते, इतकाच फरक आहे.

वेग आणि घाई या दोन गोष्टी इंग्रजी स्वतःच वेगळ्या मानते. 'मोअर हेस्ट, लेस स्पीड' अशी त्या भाषेत म्हण आहे: घाई जितकी जास्त, तितका वेग कमी. त्यामुळे काम लवकर झाले याबद्दल शाबासकी द्यायची असेल तर 'हेस्ट'च्या कुळातला शब्द घेऊ नये. तिथे 'प्रॉम्प्ट', 'स्विफ्ट' किंवा औपचारिक लेखनात 'एक्स्पिडिशस' हे शब्द शोभतात. 'हरीड' आणि 'हेस्टी' यांतला फरकही जपण्यासारखा आहे. 'हरीड' वेळेच्या टंचाईबद्दल बोलतो आणि ती टंचाई परिस्थितीने आणलेली असू शकते. घाईघाईत उरकलेले जेवण 'हरीड' असते. त्यात दोष असेलच असे नाही. 'हेस्टी' म्हटले की थांबायला हवे होते तरी थांबले नाहीत, असा अर्थ बहुतेक वेळा लागतो. म्हणून पुरेसा पुरावा नसताना काढलेला निष्कर्ष 'हेस्टी कन्क्लूजन' होतो. बैठक लवकर आटोपती घ्यावी लागली, एवढेच इतिवृत्तात लिहायचे असताना कोणी 'हेस्टी मीटिंग' लिहिले, तर मी ते हमखास बदलतो, कारण वाचणारा तिथे अध्यक्षांवरचा आक्षेप वाचतो.

दोषाच्या बाजूला जाऊ लागलो की शब्द अधिक धारदार होतात आणि तिथे विशेष जपावे लागते. 'इम्पल्सिव्ह' हा माणसाच्या मनाच्या उसळीबद्दल बोलतो; मनात आले आणि केले. ही उसळी चांगलीही असू शकते, उदाहरणार्थ अचानक केलेली मदत. 'इम्पेच्युअस' हा उतावळ्या, तापट स्वभावाचा शब्द आहे आणि तो एखाद्या कृतीपेक्षा माणसाला जास्त चिकटतो. 'रॅश' परिणामांबद्दल बोलतो: धोका दिसत होता किंवा दिसायला हवा होता, तरी पुढे गेले. 'प्रिसिपिटेट' हे विशेषण ज्या लॅटिन शब्दावरून आले त्याचा अर्थ 'डोके पुढे करून' असा आहे. कड्यावरून डोके खाली करून झेपावणाऱ्या माणसाचे चित्र त्यात आहे. विचार अर्धवट असतानाच घेतलेल्या मोठ्या निर्णयासाठी, विशेषतः करारातून किंवा युद्धातून तडकाफडकी माघार घेण्यासाठी, तो वापरला जातो. त्याचा जवळचा नातेवाईक 'प्रिसिपिटस' मात्र काळजीपूर्वक लेखनात 'तीव्र उताराचा' या अर्थाने राखून ठेवतात. अनेक लेखक दोन्हींची अदलाबदल करतात. तुम्ही करू नये.

सर्वांत कठोर शब्द 'नी-जर्क' आहे, आणि तो हल्ली फार सैल हाताने वापरला जातो. गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकल्यावर पाय आपोआप उडतो, ती ही प्रतिक्रिया. विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी 1875 मध्ये तिचे वर्णन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. या क्रियेचा मार्ग मज्जारज्जूतून जातो. तिला मेंदूच्या निर्णयाची गरज लागत नाही. त्यामुळे एखाद्या धोरणाला 'नी-जर्क रिअ‍ॅक्शन' म्हणणे म्हणजे ते ठरवताना डोके वापरलेच नाही, असे म्हणणे. तसे खरोखर म्हणायचे असेल आणि त्याला आधार असेल, तरच हा शब्द लिहावा.

आता तयारीविषयीचे शब्द. हा या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग आहे आणि सर्वाधिक गल्लतही इथेच होते. 'इम्प्रॉम्प्टू' हा शब्द पाहून अनेकांना वाटते की सुरुवातीचा 'इम्' हा नकार आहे. तसे नाही. 'इन् प्रॉम्प्टू' या लॅटिन पदांचा अर्थ 'हाताशी तयार' असा होतो आणि वर आलेला 'प्रॉम्प्ट' त्याच मुळाचा आहे. म्हणजे आधी ठरवलेले नाही, पण त्या क्षणी सुचले आणि जमले. म्हणून या शब्दात निंदा नाही, किंबहुना थोडे कौतुकच आहे. संगीतात तर 'इम्प्रॉम्प्टू' हा एक रचनाप्रकारच आहे. फ्रान्झ शूबर्टने 1827 मध्ये पियानोसाठी अशा रचना केल्या आणि त्या सुराबरहुकूम कागदावर उतरवलेल्या आहेत. उत्स्फूर्ततेचा भाव तेवढा नावात आहे.

'एक्स्टेम्पोर' किंवा 'एक्स्टेम्पोरेनियस' हा त्याचा जोडीदार समजला जातो, आणि रोजच्या वापरात दोन्हींचा अर्थ 'तयारीविना' असाच घेतला तरी चालते. वक्तृत्व शिकवणारे मात्र, विशेषतः अमेरिकेत, या दोहोंत भेद करतात. त्यांच्या लेखी इम्प्रॉम्प्टू म्हणजे विषय हातात पडताच जवळपास लगेच उभे राहून बोलणे. एक्स्टेम्पोरेनियस म्हणजे विषयाचा अभ्यास केलेला आहे, मुद्दे काढलेले आहेत, पण वाक्ये लिहिलेली किंवा पाठ केलेली नाहीत. तिथल्या शालेय स्पर्धांमध्ये या दुसऱ्या प्रकारासाठी साधारण 30 मिनिटे तयारीला आणि 7 मिनिटे भाषणाला मिळतात. म्हणून तुमचा वाचक कोण आहे, यावर इथे बरेच अवलंबून आहे. वक्तृत्वाच्या क्षेत्रातल्या माणसाला लिहीत असाल तर हा भेद पाळा. इतरांसाठी 'इम्प्रॉम्प्टू' हा जास्त निर्धोक शब्द आहे.

या भेदाचे मोल एका प्रसिद्ध भाषणातून चांगले कळते. 28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनमधल्या लिंकन स्मारकापुढे मार्टिन ल्यूथर किंग बोलले. त्यांच्याजवळ लिहिलेला मसुदा होता आणि आज जगाला आठवतो तो 'स्वप्ना'चा भाग त्या मसुद्यात नव्हता. शेवटाकडे येताना त्यांनी कागद सोडला आणि ते त्या भागाकडे वळले. मग तो भाग इम्प्रॉम्प्टू होता का? मला तो शब्द इथे पटत नाही. स्वप्नाची कल्पना त्यांनी आधीच्या भाषणांतही मांडली होती आणि धर्मोपदेशक म्हणून अशा बोलण्याचा त्यांचा दीर्घ सराव होता. त्या भागाला 'अनस्क्रिप्टेड' म्हणणे अचूक ठरते, कारण तो लिहिलेला नव्हता एवढेच तो शब्द सांगतो. 'ऑफ द कफ' तर तिथे अगदीच हलका वाटेल. सहज, जाता जाता मारलेल्या शेऱ्याला तो शोभतो. आणि 'ऑफ द टॉप ऑफ माय हेड' याचा अर्थ 'आत्ता आठवते तेवढे सांगतो, पडताळून पाहिलेले नाही' असा आहे. तो बोलण्यापुरता ठेवावा, लेखी अहवालात आकडा देताना कधीही नको.

'स्पॉन्टेनियस'चा अर्थ आणखी वेगळा आहे. त्यात मुख्य गोष्ट अशी की प्रेरणा बाहेरून आलेली नाही. बाहेरून ठिणगी न पडता आतल्या उष्णतेने गवताची गंजी पेटते, तेव्हा त्याला 'स्पॉन्टेनियस कम्बश्चन' म्हणतात. तेच तत्त्व माणसांनाही लागू आहे. कोणी सांगितले नाही, खुणावले नाही, तरी टाळ्या पडल्या तर त्या स्पॉन्टेनियस. मराठीतला 'उत्स्फूर्त' याच्या सर्वांत जवळ आहे. तुमच्या प्रशिक्षणाला हा शब्द लागू पडत नाही, कारण तिथे बाहेरून संकट आले होते आणि त्याला प्रतिसाद म्हणून काम झाले.

तुमच्या प्रसंगाला खरे तर 'इम्प्रोव्हाइज' हे क्रियापद जवळचे आहे, म्हणून त्याच्यावर थोडे थांबतो. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'आधी न दिसलेले' असा आहे. अडचण अनपेक्षित आहे, हवे ते साधन नाही, म्हणून हाताशी असेल त्यातून काम भागवणे, हा त्याचा गाभा. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 या यानाची प्राणवायूची टाकी फुटली आणि तिन्ही अंतराळवीरांना चांद्रयानाचा, म्हणजे चंद्रावर उतरण्यासाठी मुख्य यानाला जोडलेल्या छोट्या यानाचा, आसरा घ्यावा लागला. तिथे कार्बन डायऑक्साइड साचू लागला. मुख्य यानातले तो शोषणारे डबे चौकोनी होते आणि चांद्रयानातल्या जागा गोल. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी यानात असलेल्या वस्तूंपासूनच, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांपासून, जोडणी तयार करून पाहिली, तिची चाचणी घेतली आणि मग रेडिओवरून एकेक पायरी अंतराळवीरांना सांगितली. ही कृती 'इम्प्रोव्हाइज्ड' होती. तयार झालेली वस्तू 'मेकशिफ्ट' होती, म्हणजे कामचलाऊ आणि काम भागेपर्यंतची. पण यात 'हेस्टी', 'रॅश' किंवा 'हॅपहॅझर्ड' असे काहीही नव्हते. वेळ अतिशय कमी होता, तरीही विचार आणि चाचणी दोन्ही झाल्या होत्या. कमी वेळ आणि कमी विचार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मी विद्यार्थ्यांना याच उदाहरणाने दाखवतो.

'मेकशिफ्ट'बरोबर 'स्टॉपगॅप' हाही शब्द येतो. तो खरी व्यवस्था होईपर्यंत भरून काढलेल्या खिंडारासाठी आहे आणि माणसालाही लागतो, जसे की नवी नेमणूक होईपर्यंतचा प्रभारी. 'ज्यूरी-रिग्ड', म्हणजे तात्पुरते जोडून उभे केलेले, हा शब्द मात्र औपचारिक लेखनात टाळावा. तो जहाजावरच्या तात्पुरत्या डोलकाठीच्या नावावरून आला आहे, न्यायालयातल्या ज्यूरीशी त्याचा संबंध नाही. पण 'रिग्ड' दिसले की अनेक वाचकांना लबाडीचा वास येतो.

'अ‍ॅड हॉक'चा अर्थ मला वाटते सर्वाधिक चुकीचा घेतला जातो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ केवळ 'यासाठी' असा आहे: एका ठरावीक कामासाठी नेमलेले, कायमस्वरूपी नसलेले. त्यात घाई नाही आणि अल्पकाळही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठी 1993 मध्ये आणि रवांडासाठी 1994 मध्ये जी न्यायाधिकरणे नेमली, त्यांना 'अ‍ॅड हॉक ट्रायब्युनल' म्हणतात. त्यांपैकी पहिले 2017 अखेरपर्यंत चालले. दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या न्यायालयाला कोणी घाईगडबडीचे म्हणणार नाही. तरीही 'ऑन अ‍ॅन अ‍ॅड हॉक बेसिस' असे लिहिले की 'धोरण नाही, प्रसंग येईल तसे ठरवतात' अशी टीकेची छटा आता त्याला येते. म्हणून समितीला अ‍ॅड हॉक म्हणायला हरकत नाही, पण कार्यपद्धतीला अ‍ॅड हॉक म्हणताना आपण तक्रार करतो आहोत, याचे भान असावे.

निष्काळजीपणाच्या शब्दांपैकी दोनच घेतो, कारण तेच अहवालांत जास्त दिसतात. 'कर्सरी' धावण्याच्या क्रियापदावरून आला आहे, धावती नजर. 'कर्सरी रीडिंग' म्हणजे वरवरचे वाचन. ते ज्याचे त्याने स्वतःच्या वाचनाबद्दल लिहिले तर प्रामाणिकपणा ठरतो आणि दुसऱ्याच्या तपासणीबद्दल लिहिले तर आरोप ठरतो. 'परफंक्टरी' हा त्याहून जड आहे; कर्तव्य म्हणून उरकले, मन त्यात नव्हते, पाट्या टाकल्या. एका पाहणी अहवालात लेखिकेने 'आम्ही थोडक्यात पाहणी केली' या अर्थाने 'परफंक्टरी इन्स्पेक्शन' असे लिहिलेले मी पाहिले आहे. तो अहवाल तसाच पुढे गेला असता तर पाहणी पथकाने आपल्याच हाताने आपल्यावर कामचुकारपणाचा शेरा मारून घेतला असता. तिथे 'ब्रीफ' एवढा साधा शब्द पुरेसा होता, आणि तोच घातला.

दोन शब्द झटपटपणा सांगतात, पण त्यांना बिनतयारीचे समजू नये. 'स्नॅप इलेक्शन' म्हणजे मुदतीआधी अचानक जाहीर केलेली निवडणूक; ब्रिटनमध्ये 18 एप्रिल 2017 रोजी घोषणा झाली आणि 8 जूनला मतदान झाले. घोषणा अनपेक्षित होती, पण ती करणाऱ्यांनी विचार केला नव्हता असा अर्थ त्या शब्दातून निघत नाही. 'स्नॅप जजमेंट' म्हटले की मात्र लगेच दोष येतो. नाम बदलले की विशेषणाचा स्वभाव बदलतो, तो असा. आणि कायद्याच्या भाषेत 'समरी' म्हणजे संक्षिप्त, कायद्यानेच आखून दिलेली प्रक्रिया. त्याचे भाषांतर 'घाईघाईचा निवाडा' असे केले तर अर्थाचा अनर्थ होतो.

इथवरचे एकत्र बांधायचे तर, वेळ कमी होता एवढेच सांगायचे असेल तेव्हा 'अ‍ॅट शॉर्ट नोटिस'. चटकन केले म्हणून वाखाणायचे असेल तेव्हा 'प्रॉम्प्ट' किंवा 'स्विफ्ट'. हाताशी होते त्यातून निभावले तर 'इम्प्रोव्हाइज्ड'. आधी न ठरवता बोलले तर 'इम्प्रॉम्प्टू'. थांबायला हवे होते तर 'हेस्टी'. धोका दिसत असून उडी घेतली तर 'रॅश'. पद्धतच नव्हती तर 'हॅपहॅझर्ड'. बाकीचे शब्द याच चौकटीत बसवता येतात.

एक सवय मात्र लावून घ्या. समानार्थी शब्दांच्या कोशातून शब्द उचलला की तो थेट वाक्यात घालू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या चांगल्या कोशात तो उघडा आणि उदाहरणांच्या वाक्यांत त्याच्यापुढे कोणती नामे येतात ते पाहा. 'मेकशिफ्ट'पुढे निवारा, पूल, पलंग अशा वस्तू दिसतील. 'रॅश'पुढे निर्णय आणि वचने. 'इम्प्रॉम्प्टू'पुढे भाषण, मैफल, बैठक. तुमचे नाम त्या सोबतीत बसत नसेल तर शब्द बदला. आणि कोणतेही विशेषण पुरते बसत नसेल तर ते सोडून द्या व घडले ते सरळ लिहा: मूळ वक्त्यांनी दोन दिवस आधी नकार कळवला, त्याच संध्याकाळी पर्यायी वक्ते निश्चित झाले, आणि सर्व सत्रे पार पडली.